पंप, काढा आणि गावाकडची पुडी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ६२ वर्षांच्या, दम्याचा त्रास अकरा वर्षांचा, जोडीला बीपी आणि साखर. बीपीला टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी, साखरेला मेटफॉर्मिन. डॉक्टरांनी दोन पंप, म्हणजे इन्हेलर, दिलेत, एक रोजचा आणि एक निळा, दम लागल्यावर घ्यायचा, पण पंपाची सवय लागते या भीतीने रोजचा पंप त्यांनी दिवाळीपासून बंद केला. निळा तेवढा लागेल तसा घेतात. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ काढा, दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची काडी आणि तीन वेळा मधातून सितोपलादि चूर्ण. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय, की मामांनी गावाकडच्या एका वैदूकडून आणलेल्या पुडीने दोन दिवसांत दम बसला, पुडी सुरू करून दोन महिने झाले, भूकही चांगली लागते, फक्त साखर वाढलीय. आणि विचारलंय, की हे सगळं एकत्र चालेल का आणि हळूहळू पंप सुटेल का.

मी वैद्य आहे. दादरला सव्वीस वर्षं दवाखाना चालवतोय आणि माझ्या कपाटात निम्म्याहून जास्त बरण्या खोकल्या-दम्याच्याच आहेत. अडुळशावर माझा विश्वास आहे, पिंपळीवर आहे. तरीही तुमच्या प्रश्नात मला आधी काढा दिसला नाही, पुडी दिसली. म्हणून सुरुवात शेवटच्या ओळीपासून करतो.

अकरा वर्षांचा दमा दोन दिवसांत बसवेल अशी वनस्पती माझ्या माहितीत नाही. कफ पातळ करणाऱ्या, ढास शमवणाऱ्या, घसा सुखावणाऱ्या वनस्पती आहेत, पण त्यांचं काम हळू चालतं. पुडीने दोन दिवसांत दम थांबतो, भूक खवळते, अंगात उत्साह येतो आणि साखर चढते, हे चारही एकत्र दिसलं की मनात एकच शंका येते: पुडीत स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असावी. बिनलेबलच्या दम्याच्या आणि सांधेदुखीच्या औषधांत हा प्रकार जुना आहे. आईंच्या पुडीत तेच आहे असं मी इथून छातीठोकपणे सांगू शकत नाही, पुडी पाहिलेली नाही. पण तसं असेल असं धरूनच पुढची पावलं टाका.

आणि त्यातलं पहिलं पाऊल बहुतेकांना उलटं वाटतं. पुडी आज रात्री एकदम बंद करू नका. दोन महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं कमी करतं, कधी जवळजवळ थांबवतं. मग पुडी अचानक थांबली तर गळून जाणं, उलट्या, बीपी खाली येणं, दमा उसळून येणं, काहीही होऊ शकतं. उद्या-परवाच छातीच्या किंवा मेडिसिनच्या डॉक्टरांकडे आईंना घेऊन जा, उरलेल्या पुड्या सोबत न्या, कधीपासून आणि दिवसाला किती घेतल्या ते कागदावर लिहून न्या. गरज वाटली तर ते सकाळचं कॉर्टिसॉल तपासतील आणि मोजक्या गोळ्यांवर आणून पायरीपायरीने उतरवतील. त्याआधीच उलट्या किंवा चक्कर सुरू झाली, बीपी उतरलं, तर वेळ न घालवता हॉस्पिटल.

हे इतकं ठासून सांगतोय कारण असा एक रुग्ण मी पाहिलाय. लालबागहून आले होते, पन्नाशीचे. शर्टाच्या खिशातून त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाच्या घड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, आत फिकट गुलाबी भुकटी. चेहरा गोल झालेला, मानेमागे मांस चढलेलं, हातावरची कातडी इतकी पातळ की पिशवीचे बंद घासून निळे डाग पडलेले. पुड्या चार दिवसांपूर्वी संपल्या होत्या. त्या सकाळपासून दोन उलट्या झाल्या होत्या आणि बीपी ८४ वर ५० होतं. औषध लिहून देण्याची ती वेळच नव्हती, टॅक्सी बोलावून त्यांना हॉस्पिटलला पाठवलं. कॉर्टिसॉल तळाला गेलेलं निघालं. माणूस वाचला, पण पूर्ववत व्हायला वर्ष गेलं. त्यांच्या बायकोचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलंय: ‘आयुर्वेदिक आहे म्हणून दिलं हो, साइड इफेक्ट नको म्हणून.’

कोजागिरीच्या खिरीतलं औषध, रस्त्यावरच्या तंबूतल्या बरण्या, ओळखीच्यांच्या ओळखीतून आलेल्या गोळ्या, या सगळ्यांना माझा एकच प्रश्न असतो: आत काय आहे, ते छापलंय का? विकत मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधावर घटक, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत असायलाच हवी. ‘दमा मुळापासून बरा’ असं छापलेलं असेल तर डबा तिथेच परत ठेवा. औषध कायद्याच्या शेड्यूल जे मध्ये ज्या आजारांवर ‘बरा करतो’ असा दावा करायला मनाई आहे, त्या यादीत दमा आहे. छापील लेबल असलं म्हणजे सगळंच आपल्या मनाने घेण्यासारखं असतं असंही नाही. श्वासकुठार रसाचंच घ्या. नाव ओळखीचं, ग्रंथोक्त औषध, पण त्यात पारा, मनःशिळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज, आणि वत्सनाभ नावाचं विषारी मूळ असतं. अशा औषधांच्या डब्यावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. दुकानात मागितलं तर मिळून जातं, म्हणून लोक चूर्णासारखं घेतात. ते करू नका.

आता पंपाबद्दल. आईंच्या मनातली भीती मी रोज ऐकतो आणि ती उडवून लावण्यासारखी नाही, कारण स्टेरॉइड हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो. म्हणून मी आकडे सांगतो. रोजच्या पंपातून एका वेळी साधारण २०० मायक्रोग्रॅम स्टेरॉइड जातं, तेही श्वासनळ्यांत. दम्याचा जोरदार झटका आला की तोंडाने जी स्टेरॉइडची गोळी द्यावी लागते ती २० मिलिग्रॅम धरा, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. शंभरपट. रोजचा पंप टाळून वर्षातून तीन झटके ओढवून घेतले की जे टाळायचं होतं तेच जास्त पोटात जातं. आणि ज्या स्टेरॉइडच्या भीतीने आईंनी पंप सोडला, तेच बहुधा पुडीतून, मात्रा माहीत नसताना, दोन महिने जातंय. त्यांना हे रागाने सांगू नका. शांतपणे, दोन्ही वस्तू समोर ठेवून सांगा.

निळ्या पंपाने नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतात, आतली सूज तशीच राहते. म्हणून २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं स्पष्ट सांगितलंय. वर्षाला निळ्या पंपाचे तीन डबे किंवा जास्त संपत असतील तर दमा ताब्यात नाही असं समजायचं. आईंचे किती संपले, ते मेडिकलवाल्याच्या बिलांवरून मोजा. रोजचा पंप डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच घ्या, आणि नंतर खळखळून चूळ भरायला लावा. चूळ राहिली की तोंडात पांढरा बुरा येतो, आवाज बसतो, आणि मग पुन्हा पंपाचंच नाव वाईट होतं.

आमच्या शास्त्राचं काय म्हणणं आहे, तेही सांगतो. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार आहेत, त्यांतला तमक श्वास म्हणजे आजचा दमा. ढगाळ हवा, पाणी, गारठा आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो, बसल्यावर बरं वाटतं, ऊन ऊन हवंसं वाटतं, हे वर्णन जुलैतल्या मुंबईच्या कोणत्याही दमेकऱ्याला लागू पडेल. तो नवा असेल तरच बरा होणारा, एरवी ‘याप्य’. याप्य म्हणजे औषध-पथ्य चालू असेतो आटोक्यात राहणारा. सुश्रुतांनी याप्य रोगाला पडू घातलेल्या घराची उपमा दिलीय, नीट लावलेल्या टेकूवर उभ्या असलेल्या घराची. गिरगाव-लालबागला लोखंडी टेकू लावलेल्या चाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. आईंचा टेकू सध्या रोजचा पंप आहे. वनस्पती घराची डागडुजी करतील. डागडुजी पक्की झाली, सलग तीनेक महिने लक्षणं शांत राहिली, तर पंपाची मात्रा कमी करता येते का हे डॉक्टर ठरवतील. माझ्याकडच्या कितीतरी रुग्णांची मात्रा अशी उतरलीय. पंप आधी काढून मग घर सावरायचा प्रयत्न केलेलेही पाहिलेत, त्यातले बरेच जण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पोचले.

आता ज्येष्ठमध. तुमच्या आईंच्या बाबतीत पुडीखालोखाल मला याची काळजी वाटते, आणि घरात कोणालाच वाटत नसणार, कारण ती गोड काडी आहे. गोडी ज्या ग्लिसिरायझिनमुळे येते तेच मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला मोडू देत नाही. परिणाम असा, की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, पाय सुजतात. आईंच्या बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध पोटॅशियम घालवतंच. निळा पंप वारंवार घेतला तर तोही रक्तातलं पोटॅशियम खाली आणतो. पुडीत स्टेरॉइड असेल तर तेही. चार वाटा आणि चारही उताराच्या. पोटॅशियम फार उतरलं की पायांत गोळे येतात, मांड्या लुळ्या पडतात, हृदयाचे ठोके चुकतात.

दवाखान्याच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडून ही चूक झालीय. शिक्षिका होत्या, आवाज बसायचा, मी ज्येष्ठमध लिहिला आणि बीपीची कोणती गोळी चालू आहे ते विचारलंच नाही. त्यांना तो इतका मानवला की मी सांगितलेले पंधरा दिवस उलटल्यावर त्या स्वतःच आणून चघळत राहिल्या, तीन महिने. एक दिवस जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाय उचलेना. पोटॅशियम २.६ निघालं, साडेतीनच्या वर हवं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर नावाखाली पहिली ओळ ‘चालू औषधं’ ही असते, आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा असं मी फोनवरच सांगतो. तुम्ही ज्येष्ठमध आजच थांबवा. ती थांबवल्याने काही बिघडत नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. ज्यांना बीपी नाही, किडनीचा, हृदयाचा त्रास नाही, लघवीचं औषध नाही, त्यांनी घसा धरल्यावर बोटभर काडी चार-सहा दिवस चघळली तर हरकत नाही. महिनोन्‌महिने कोणीच नाही.

सितोपलादि हे मोठं गुणी चूर्ण आहे, फक्त मधुमेह्याने त्याचं गणित पाहावं. त्याचे घटक निम्मानिम्म्याने उतरतात: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकूण ३१ भागांत १६ भाग साखर, आणि नावातली सितोपला म्हणजे खडीसाखरच. वर तीनदा मध. चहाचा एक चमचा मध सात ग्रॅमच्या आसपास भरतो, दिवसाला वीस ग्रॅम झाला. साखर वाढण्यात पुडीचा वाटा मोठा असेल, पण हाही आहे. तालीसादि तर आणखी गोड असतं. आईंना मी चूर्णाऐवजी त्यातलीच पिंपळी वेगळी, थोडक्या मात्रेत दिली असती, तीही साखर आटोक्यात आल्यावर आणि मोजून पंधरा दिवस. पिंपळी, क्षार आणि मीठ या तिघांचा अतिवापर नको, असं चरकांनी मुद्दाम सांगून ठेवलंय. आजच्या भाषेत त्याला एक कारण जोडता येतं: पिंपळी-मिऱ्यातलं पाइपरिन दुसऱ्या औषधांचं शोषण वाढवतं. थिओफिलिनसारखी दम्याची गोळी चालू असेल, जी मुंबईत अजून सर्रास दिली जाते, तर तिची पातळी चढून हात थरथरतात, छाती धडधडते, मळमळतं. फिटच्या फेनिटॉइनचंही तसंच. त्या गोळ्या घेणाऱ्यांनी पिंपळी स्वतःहून सुरू करू नये.

काढ्याकडे येऊ. २०२० साली आयुष मंत्रालयाने जो क्वाथ सांगितला त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरं १ असं प्रमाण होतं, ३ ग्रॅम भुकटी १५० मिली पाण्यात, दिवसातून एक-दोनदा. घराघरांत त्याचं काय झालं ते आपण पाहिलं: मूठभर मिरी, लवंगा, वर गुळवेल, आणि पातेलं अर्ध्यावर आटवायचं. त्या वर्षी माझ्याकडे खोकल्याइतकेच पोटात आग पडलेले, तोंड आलेले, घोळणा फुटलेले लोक आले. आणि पोटातलं आम्ल वर आलं की रात्री झोपल्यावर खोकला येतो. खोकला वाढला म्हणून काढा वाढवायचा, काढ्याने पित्त वाढायचं, पित्ताने पुन्हा खोकला. आईंना आडवं झाल्यावर ढास लागत असेल, पहाटे तोंड आंबट होत असेल, तर संध्याकाळचा काढा बंद करून आठवडाभर बघा. सकाळचा ठेवायचा तर गवती चहाची दोन पाती, पाच-सात तुळशीची पानं आणि आल्याचा लहान तुकडा, एवढंच, बिनसाखरेचं.

काढ्यात गुळवेल आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर ती वगळा. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, दुसऱ्या जातीची वेल असू शकते, असा आक्षेप घेतला. दोन्ही बाजू मी वाचल्यात, आणि दोन्हींतून माझ्या हाती एकच गोष्ट लागते: बाजारात वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, आणि काही लोकांचं यकृत, विशेषतः ज्यांना थायरॉइडसारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा आजार आहे त्यांचं, तिच्यावर बिथरू शकतं. मी आजही गुळवेल लिहितो, पण ठरावीक दिवस, आणि लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली तर लगेच थांबवा असं बजावून. टीबीची औषधं चालू असलेल्या माणसाला तर अजिबात देत नाही. त्या गोळ्यांचाच यकृतावर भार असतो.

टीबीचा विषय निघालाच आहे तर हेही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर दमा आहे हे माहीत असूनही थुंकीची तपासणी करून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात फुकट होते. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यांतलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांच्या आडून टीबी डोकं वर काढतो, त्यामुळे आईंच्या बाबतीत डॉक्टरांना छातीच्या एक्स-रेबद्दल जरूर विचारा. कधी खोकल्याचं कारण गोळीतच असतं. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी कोरडी ढास लागते आणि माणूस सहा महिने काढे पीत बसतो. आईंची टेल्मिसार्टन सहसा तसं करत नाही. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब डोळ्यात घालत असतील तर मात्र सांगा, त्यांनी दमा चाळवतो.

एवढं सगळं थांबवायला सांगितल्यावर द्यायचं काय, हे सांगणं माझं काम आहे.

कफ चिकट होऊन सुटत नसेल त्या दिवसांत अडुळसा. याच पानातल्या व्हॅसिसिनवरून पुढे ब्रोमहेक्सिन आणि अॅम्ब्रॉक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधं बनली, जी आज निम्म्या खोकल्याच्या बाटल्यांत असतात. दादर स्टेशनबाहेर पालघर-वसईकडून येणाऱ्या बायकांकडे ताजा पाला मिळतो. लांबट, टोकदार, समोरासमोर येणारी पानं असतात, चुरगळली की उग्र वास येतो. पाटा-वरवंट्यावर कितीही वाटा, अडुळसा रस देत नाही. म्हणून जुनी रीत पुटपाकाची. घरी मी असं करतो: आठ-दहा पिकलेली, पिवळसर पानं धुऊन केळीच्या पानात गुंडाळतो, सुतळी बांधतो, मंद आचेवर तव्यावर झाकण घालून दोन्ही बाजूंनी वाफवतो. केळीचं पान तपकिरी झालं की उतरवायचं. आतली पानं मऊ, काळपट हिरवी झालेली असतात, कोमट असतानाच फडक्यात घालून पिळली की रस येतो. मोठ्या माणसाला दोन चमचे, दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस. इतरांना मधातून, आईंना चिमूटभर सैंधव घालून, मध घ्यायचाच तर पाव चमचा. कडू लागतो, तोंड वाकडं होतं, पण तिसऱ्या दिवशी कफ सुटायला लागतो. गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो.

औषधापेक्षा जेवणाकडे माझा ओढा जास्त आहे. श्वासावर कुळथाचं कढण ग्रंथात सांगितलंय आणि आपल्याकडे ते माडगं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पावसाळ्यात संध्याकाळी वाटीभर गरम माडगं, लसणाची फोडणी देऊन, आणि रात्रीचं जेवण आठच्या आत, एवढ्याने कित्येकांची रात्रीची घरघर कमी झालेली मी पाहिलीय. रात्री दही, केळं, फ्रिजमधलं पाणी नको. सकाळी कोमट पाणी घोट घोट.

वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची, पातेलं ओट्यावर किंवा टेबलावर पक्कं ठेवून, आणि दमेकऱ्याने पाण्यात कापूर, निलगिरी, बाम काहीही न घालता. उग्र वासाने नळ्या आवळतात. चादर घेऊन जमिनीवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर उकळतं पाणी सांडून भाजल्याच्या घटना कोविडच्या काळात किती झाल्या. लहान मुलांना वाफ देऊच नका. कापूर दोन वर्षांखालच्या मुलांच्या छातीला-नाकाला लावू नका, पोटात गेला तर झटके येतात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही नाही. आजीने कितीही प्रेमाने चाटवायचा म्हटला तरी नाही, त्यातून बाळाला बोटुलिझम होऊ शकतो.

तुम्ही परळच्या जुन्या चाळीत राहता आणि शेजारी पुनर्विकासाचं काम चालू आहे असं लिहिलंय. मग हवेचा हिशोब सोडून औषधाचा करता येणार नाही. संध्याकाळचा लोबान-धूप आईंच्या खोलीत बंद करा, देवापुढे निरांजन पुरे. डासांच्या कॉइलऐवजी मच्छरदाणी. पावसात ओल धरलेल्या भिंतीपासून त्यांचा पलंग हातभर लांब सरकवा, काळी बुरशी दिसली की ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि ते काम आईंनी करायचं नाही. खिडकीच्या ग्रिलवर कबुतरं बसत असतील तर जाळी लावा. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकून तो बंद केला तेव्हा बरेच जण हळहळले, मलाही मुक्या जिवांचं वाईट वाटलं, पण कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेने फुप्फुसं आवळून गेलेले रुग्ण मी पाहिलेत आणि ते कोणत्याच काढ्याने उलगडत नाहीत.

मेडिकलमध्ये काही शे रुपयांत, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारा पीक फ्लो मीटर मिळतो, तो घ्या. उभं राहून, पूर्ण श्वास भरून, एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, सकाळी आणि रात्री. दमा शांत असतानाचा आईंचा सर्वांत चांगला आकडा हा त्यांचा शंभर टक्के. ऐंशीच्या वर राहिल्या तर ठीक, पन्नास ते ऐंशीच्या मध्ये आल्या तर डॉक्टरांना फोन, पन्नासच्या खाली सरळ हॉस्पिटल. कोणती वनस्पती त्यांना खरोखर लागू पडते हेही याच वहीत दिसेल, म्हणून एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा आणि दोन आठवडे थांबा. पाच गोष्टी एकदम सुरू केल्या की कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे मलाही सांगता येत नाही.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवा: एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ-नखं निळसर दिसणं, निळा पंप घेऊनही पंधरा-वीस मिनिटांत फरक न पडणं, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली जाणं. यांतलं काहीही दिसलं तर काढा उकळत बसायचं नाही. पंप चालू ठेवून १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल ती गाडी पकडायची.

छातीच्या डॉक्टरांना आयुर्वेदिक औषधांचं सांगायला तुम्हाला संकोच वाटतो असं तुमच्या लिहिण्यावरून जाणवलं. ते रागावतील, एखादवेळेस. तरीही सांगा, आणि वैद्यांना पंपाचं सांगा. जवळ बसून तपासणारा वैद्य हवा असेल तर वरळीला पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे, परळहून लांब नाही. तिथे जाताना रक्ताचे रिपोर्ट आणि पीक फ्लोची वही घेऊन जा.

एक फोन मात्र आजच करा, मामांना. त्या वैदूच्या पुड्या गावात आणखी कोणकोण घेतंय ते विचारा. ज्यांना महिना-दोन महिने झालेत त्यांनाही हेच सांगायला सांगा, की पुडी एकदम सोडू नका, आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा.